भाच्याच्या जिभेवरची गाठ

तोंडातला तुकडा लॅबमध्ये आला की मी आधी फॉर्मवरचं वय बघते. हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीची टेक्निशियन म्हणून सोलापुरात इतकी वर्षं काढल्यावर ही सवय आपोआप लागते. आमच्याकडे तोंडाचा नमुना म्हणजे वय चाळीसच्या आगेमागे, जागा गालाची आतली बाजू नाहीतर जिभेची कड, आणि डॉक्टरांनी कोपऱ्यात खरडलेलं 'मावा', 'तंबाखू', बायकांच्या फॉर्मवर 'मशेरी'. राज्यात गुटखाबंदी आली २०१२ साली. आमच्या टेबलावर बसणाऱ्याला ती कुठे दिसत नाही.

त्यामुळे फॉर्मवर वय ९ किंवा ११ दिसलं की हात थांबतो. तसं मुलांच्या तोंडातून येणारं बहुतेक साधंच असतं. खालच्या ओठाच्या आत लाळेची बारीक नळी फुटून साचलेली चिकट पाण्याची गाठ, नाहीतर एकाच जागी सारखं चावून चावून वाढलेला मांसाचा गोळा. नसेची, म्हणजे मज्जातंतूची गाठ अगदी क्वचित, काही वर्षांत एखादी. यंदा तशी एक आली, आणि फॉर्मवर आडनाव माझ्या माहेरचं होतं.

दादाचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्याचा धाकटा पाचवीत. नाव लिहीत नाही, वर्गातली पोरं चिडवायला टपलेलीच असतात. वहिनीला शंका आली ती त्याच्या बोलण्यावरून. 'ट', 'ड' जड यायला लागले. शाळेत मित्र म्हणायचा, "काय बोल्लालास बे, कळंना." वहिनीने एक दिवस उजेडात जीभ बाहेर काढायला लावली, तर उजव्या कडेला मधोमध गाठ. वरची कातडी गुळगुळीत, रंग जिभेचाच.

"दुखायलंय का?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुखतच नाही तर काय सांगू?"

आता याला काय उत्तर देणार! नंतर कळलं की त्याने गाठ कधीच बघितली होती आणि मधल्या सुट्टीत मित्रांना जीभ वाकडी करून दाखवतही होता. म्हणजे आम्ही सोडून सगळ्यांना माहीत.

माझ्या आईने तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. दाढ लागत असेल, घासून आलं असेल, असं तिचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही, कारण मुलांच्या जिभेवर बऱ्याचदा तसंच असतं. पण कारखान्यात बातमी गेली तेव्हा कुणीतरी बोलून गेलं, "पोरगं मावा खातंय का काय?" झालं. दादाने त्या रात्री दप्तर उलटंपालटं केलं, कंपासपेटी उघडली, पँटचे खिसे हुंगले. सापडली एक चिंच आणि दोन गोट्या. पोरगं रडून रडून झोपलं. आपल्या गावात तोंडातल्या गाठीचा अर्थ एकच लागतो, आणि तो लावताना समोर दहा वर्षांचं पोर आहे हेही कुणाला दिसत नाही. मला दादाचा राग आला, पण त्याच्या शेडमधल्या एका कामगाराचा जबडा गेल्या वर्षी काढला होता. त्याच्या डोळ्यांसमोर तेच असणार.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, "काही नाही, खुर्चीत बसवून मशीनने जाळून टाकू, पाच मिनिटांचं काम." वहिनीने विचारलं, "तपासायला पाठवायचं ना?" तर उत्तर आलं, "लहान मुलाचं काय पाठवायचंय, उगाच खर्च." वहिनीने बाहेर येऊन मला फोन केला. मी त्या क्षणी लॅबमध्ये होते म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

हे मी इथे जरा मोठ्याने लिहिते. तोंडातून कापलेला कुठलाही तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे, मग तो कितीही छोटा असो आणि माणूस कितीही लहान. वरून बघून 'साधी गाठ आहे' म्हणणारे डॉक्टर बहुतेक वेळा बरोबरही ठरतात. पण नेमकी कसली साधी, हे वरून कळत नाही. पाण्याची, मांसाची, रक्तवाहिन्यांची आणि नसेची, चारही गाठी वरून गुळगुळीत दिसू शकतात. आणि जाळलेला तुकडा आमच्याकडे आला तरी उपयोग काय? कडेच्या पेशी ताणल्या जातात, काळपट होतात, आत काय होतं ते वाचता येत नाही. गाठ पूर्ण निघाली की मागे राहिली हे कडेवरूनच तर सांगायचं असतं.

मग ओरल सर्जनकडे गेलो. मी रजा टाकून बरोबर गेले. त्यांनी हातमोजे घालून गाठ दोन बोटांत धरली. टणक, पण दगडासारखी नाही. दाबल्यावर पांढरी पडत नव्हती, म्हणजे रक्तवाहिन्यांची असण्याची शक्यता कमी. आतल्या आत जराशी सरकत होती. किती महिन्यांपासून आहे, झपाट्याने वाढली का, रक्त येतं का, जीभ बधिर होते का, असं सगळं त्यालाच विचारलं, आईबापाला नाही. हे मला फार आवडलं.

मग म्हणाले, "शर्ट काढ बरं."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. जिभेसाठी शर्ट कशाला? मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसले. ते त्याच्या पाठीवर, पोटावर, काखेत दुधाळ चहाच्या रंगाचे डाग शोधत होते. अंगावर असे डाग, वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, सहा किंवा जास्त असले, काखेत बारीक ठिपके असले, की न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा विचार करावा लागतो. या आजारात नसांवर जागोजागी गाठी येतात. साधारण तीन हजार जन्मांत एखाद्याला होतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरात आधी कुणालाच नसतो. तेव्हा 'आमच्या खानदानात नाही' हे उत्तर इथे चालत नाही. भाच्याच्या अंगावर एक जन्मखूण आणि सायकलवरून पडल्याचे व्रण, बाकी काही नाही.

त्यानंतर ओठ उलटे करून बघितले, जिभेचं टोक बघितलं. हे कशासाठी ते नंतर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी वहिनीला समजावलं. काही मुलांच्या ओठांवर आणि जिभेच्या टोकावर एक नाही, अनेक बारीक बारीक गाठी असतात, ओठ जाडसर दिसतात, अंगकाठी उंच आणि शिडशिडीत असते. त्या गाठीही नसेच्याच आणि साध्याच. पण त्या मुलांच्या 'रेट' नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यांच्या थायरॉइडमध्ये कॅन्सर होतो, तोही फार लवकर. इतका, की बिघाड जन्मानंतर लगेच सापडला तर पहिल्या वर्षातच थायरॉइड काढून टाकायचा सल्ला देतात. जिभेवरच्या त्या बारीक गाठी डॉक्टरांना थायरॉइडकडे बघायला लावतात, ही त्यांची खरी किंमत. कुणी त्या 'साध्या आहेत' म्हणून जाळून फेकून दिल्या, तर पोर जिवाला मुकू शकतं. मावा आणि कॅन्सरची एवढी चर्चा होते आपल्याकडे, पण ही गोष्ट मी सोलापुरात लॅबबाहेर कुणाच्याच तोंडून ऐकलेली नाही.

एमआरआय झाला. गाठ ११ मिलिमीटरची, कडा स्वच्छ, आजूबाजूला शिरलेली नाही. ऑपरेशन मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर. आपल्याकडे मुलांची ऑपरेशनं आणि मुंजी एकाच महिन्यात होतात. पूर्ण भूल दिली, जिभेवर काम करायचं म्हणून श्वासाची नळी नाकातून घातली. जिभेवर आडवा छेद घेतला तर खाली गाठ आपल्या पिशवीत बसलेली. आजूबाजूचं मांस हळूहळू बाजूला सारलं आणि पिशवी न फाडता अख्खी बाहेर काढली. टाके विरघळणारे. सर्जन म्हणाले की कुठल्या नसेवर आली होती ते नीट दिसलं नाही. तसं बरेचदा होतं. जिभेत स्पर्शाची नस वेगळी, चवीची वेगळी, हलवणारी वेगळी. त्यांचे शेवटचे धागे इतके बारीक की गाठीचं मूळ सापडतंच असं नाही.

गाठ बाटलीत आली. बाटलीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, माफ करा. नमुना १० टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात हवा, फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, आणि बाटलीचं तोंड रुंद हवं. आमच्याकडे काय काय येतं! सलाइनमध्ये ठेवलेलं, स्पिरिटमध्ये ठेवलेलं, कोरड्या कापसात गुंडाळलेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजेक्शनच्या अरुंद बाटलीत कोंबलेलं. ताजा तुकडा मऊ असतो, आत जातो. रात्रभर फॉर्मालिनमध्ये राहिला की कडक होतो आणि बाहेर येत नाही. मग बाटली फोडायची. मेच्या उन्हात, बंद स्कूटरच्या डिकीत सलाइनमधला तुकडा घेऊन आलेले नातेवाईक बघितले की त्यांना काय बोलावं कळत नाही, त्यांचा दोष नसतो ना. भाच्याची बाटली मात्र मी आधीच लॅबमधून भरून दिली होती. लेबलही माझ्याच अक्षरात.

मॅडम म्हणाल्या, "तू नको करूस हा, दुसऱ्याला दे." मी म्हटलं, माझ्याच हातून होऊ दे. दुसऱ्याच्या हाताखाली गेला असता तर मी मागे उभी राहून त्याला वेडं केलं असतं.

मॅडमनी गाठ मधोमध कापली. आतून करडी-पांढरी, चकचकीत, एका कडेला किंचित पिवळसर, आणि सभोवती पातळ पांढरी रेघ, तीच ती पिशवी. तुकडे कॅसेटमध्ये, म्हणजे जाळीच्या छोट्या डबीत, आणि कॅसेट मशीनमध्ये. रात्रभरात अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं मेण असा प्रवास. सकाळी ब्लॉक बनवला, म्हणजे तुकडा मेणाच्या वडीत बसवला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ब्लॉक कापणं हा एक वेगळाच वनवास. बाहेर पारा ४३ वर, एसी धापा टाकतोय, मेण मऊ पडतं आणि पापुद्रा सुरकुततो. म्हणून ब्लॉक आधी बर्फावर ठेवायचा. मी ठेवला, वाट बघितली, मायक्रोटोमला, म्हणजे पातळ पापुद्रे कापायच्या यंत्राला लावला, चाक फिरवलं. पहिले काही पापुद्रे टाकूनच द्यायचे असतात. मग तीन-चार मायक्रॉनची सलग पट्टी निघते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार, एवढी जाडी. श्वास जोरात सोडला तरी उडते. ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली, पसरली, काचेवर घेतली. हजारो वेळा केलेलं काम आहे, पण त्या दिवशी पट्टी पाण्यावर सोडताना मी देवाचं नाव घेतलं. सिद्धरामेश्वराचं. गावात राहून दुसरं कुणाचं घेणार.

रंग चढवल्यावर मॅडमनी दोघांना बघता येईल त्या मायक्रोस्कोपवर मला बोलावलं. काही बोलल्या नाहीत, स्लाइड सरकवत राहिल्या आणि एका जागी थांबल्या. निळी लांबट केंद्रकं ओळीने लागलेली, समोर तशीच दुसरी ओळ, आणि दोन्ही ओळींच्या मधे गुलाबी मोकळी जागा. लग्नातल्या पंगतीसारखी. पंगती समोरासमोर बसल्यात आणि मधून वाढपी जायला वाट सोडलीय. शेजारच्या भागात मात्र सगळा विस्कळीतपणा, पेशी विरळ, जागा पाणीदार.

"श्वानोमा," मॅडम म्हणाल्या.

थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं (१८१०–१८८२) हे नाव. शाळेत पेशी सिद्धान्तात वाचलेला असतो तोच. नसेच्या धाग्याला गुंडाळून राहणाऱ्या पेशी त्याच्या नावाने ओळखल्या जातात, आणि त्या पेशी वाढून जी गाठ होते ती ही. पंगतीच्या त्या रचनेला व्हेरोके बॉडी म्हणतात. मूळचा उरुग्वेचा आणि प्रागमध्ये काम करणारा पॅथॉलॉजिस्ट होसे व्हेरोके याने १९१० मध्ये तिचं वर्णन केलं. ओळीत बसलेल्या भागाला अँटोनी ए आणि विस्कळीत भागाला अँटोनी बी, हे १९२० सालचं, स्वीडनच्या निल्स अँटोनीचं. एवढ्या वर्षांनीही आम्ही काचेवर त्याच दोन गोष्टी शोधतो, आणि सापडल्या की मॅडमचा चेहरा सैल होतो.

न्यूरोफायब्रोमा हा याचा भाऊबंद. त्याला बहुधा पिशवी नसते आणि नसेचे धागे गाठीतून आरपार गेलेले असतात. म्हणून तो काढताना नस सांभाळणं अवघड. तिसरा एक प्रकार जिभेच्या वरच्या बाजूला जास्त होतो, त्यात पेशी दाणेदार दिसतात. मॉस्कोच्या आब्रिकोसॉव्हने १९२६ मध्ये तो सांगितला. लेनिनचं शवविच्छेदन केलं तोच हा माणूस. त्याला वाटलं होतं की या पेशी स्नायूच्या आहेत. त्या नसेच्या घराण्यातल्या आहेत हे बरंच नंतर ठरलं. या दाणेदार गाठीची एक खोड म्हणजे वरची कातडी आत अशी वेडीवाकडी वाढते की घाईत बघणाऱ्याला कॅन्सरच वाटावा. म्हणून तुकडा वरवरचा घेऊन चालत नाही, खोलवर घ्यावा लागतो.

मॅडमना खात्री होती, पण मुलाच्या जिभेवर ही गाठ इतकी दुर्मीळ, की एस-१०० चा रंग करून घ्यायचं ठरलं; नसेच्या घराण्यातल्या पेशी त्यात तपकिरी दिसतात. श्वानोमापैकी पाव ते निम्म्या डोक्या-मानेच्या भागात होतात, पण तोंडाच्या आत शंभरात एखादीच. तोंडात झाली तर जीभ ही तिची आवडती जागा. आणि रुग्ण बहुतेक मोठ्या वयाचे. आमच्याकडे एस-१०० होत नाही, ब्लॉक पुण्याला गेला. तेवढे दिवस दादाचे फोन. "मॅडम म्हणाल्या ना नाही म्हणून, मग पुण्याला कशाला?" मी म्हणे, "दादा, तू कापड गठ्ठ्यात बांधायच्या आधी परत एकदा बघतोस की नाही?" पटायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. रिपोर्ट आला, सगळ्या पेशी गडद तपकिरी. म्हणजे पक्कं.

ज्यांना हे सगळं वाचायचं नाही, फक्त कॅन्सर आहे का एवढंच कळायला हवं, त्यांच्यासाठी: नाही. ही गाठ पिशवीसकट पूर्ण निघाली की सहसा परत येत नाही, आणि तिचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ. एकच गाठ असेल आणि अंगावर बाकी काही खूण नसेल, तर बहुतेक वेळा ती घराण्यातून आलेली नसते. वहिनीने हे मॅडमना उलटसुलट तीनदा विचारलं. गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतं, त्याने झालं का, हेही विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. "नाही हो, त्याचा काही संबंध नाही," एवढंच म्हणाल्या. वहिनी तिथेच रडली. माझ्या लक्षात आलं की सासूबाईंनी, म्हणजे माझ्याच आईने, तिला हे ऐकवलेलं असणार. आईशी मी नंतर बोलले. ते इथे लिहीत नाही.

पोरगं सगळ्यात लवकर बरं झालं. आधी थंड दूध, मग मऊ भात, मग आइस्क्रीमवर आठवडा काढला आणि त्यातही वजन वाढवलं. टाक्यांच्या जागी जीभ थोडी बधिर होती, ती हळूहळू शुद्धीवर आली. शेंगाचटणीला बराच काळ बंदी होती, तेवढ्यावरून घरात रोज रडारड. 'ट', 'ड' आता स्वच्छ आहेत, आणि सुट्टीनंतर शाळेत त्याने टाक्यांची खूण दाखवून गाठीपेक्षा जास्त गर्दी जमवली म्हणे. सर्जन अधूनमधून बोलावतात, जीभ चाचपून बघतात.

दादाने रिपोर्ट लॅमिनेट करून आणला. आमच्याकडे चांगला रिपोर्ट आला की लोक हेच करतात. मी म्हटलं, कागद गेला तर दुसरा छापून देता येईल, स्लाइड फुटली तर दुसरी बनवता येईल. ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो. पुढे कधी कुणाला दुसरं मत हवं असेल तर तो मागून नेता येतो. फक्त त्याचा नंबर हवा. वर उजव्या कोपऱ्यात असतो बघ, लॅमिनेशनखाली नीट वाचता येतोय ना?